काळा पेन ड्राइव्ह

सकाळी मयुरीनं डबा चालू केला. पंखे फिरले, हिरवे दिवे लागले, पण लॅपटॉपवर त्याचं नाव काही उमटेना.

डबा म्हणजे चिखलीच्या मतीननं जुन्या कॅबिनेटात चार हार्ड डिस्क बसवून दिलेला घरगुती सर्व्हर. मयुरीचा नवरा गजेंद्र अमडापूर आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांचं शूटिंग करी, ती घरी बसून एडिटिंग करी, आणि सगळं त्या डब्यात साठे. निम्म्या गावाच्या हळदी, वराती त्यात होत्या. गावचे पुढारी महादेवराव यांच्या पुतण्याची वरातही त्यातच होती, पण ते नवरा-बायकोखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

त्या वरातीत कोणीतरी बंदुकीचा बार काढला आणि क्लॅरिनेट वाजवणारा फकीर मोहम्मद वाजवता वाजवताच खाली बसला. बसला तो उठलाच नाही. कागदोपत्री फटाका फुटल्याची नोंद झाली. गजेंद्र घरी आला तेव्हा मयुरीनं सवयीनं कॅमेऱ्यातलं कार्ड डब्यात उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी गजेंद्रला बोलावलं, कार्ड स्वतःच्या खिशात घातलं आणि विचारलं, "याच्याशिवाय दुसरीकडं कुठी काही नाही ना?"

"नाही जी," गजेंद्र म्हणाला होता.

मग एक दिवस फकीर मोहम्मदची बायको जहांआरा दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात दिसलं असेल न?" गजेंद्रला नाही म्हणवेना. "पाहतो," एवढंच तो बोलला. महादेवरावांच्या कानावर जायला गावात एवढा शब्द पुरतो.

मयुरीनं डब्याला स्क्रीन जोडला. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: चालू करण्याजोगं काही सापडलं नाही. तिनं मतीनला फोन लावला.

"भाभी, मागं पेन ड्राइव्ह हाये न? डबा त्याच्यावरूनच सुरू होते. काढून लॅपटॉपला लावा बरं."

तिनं लावला. तो नव्याकोऱ्या पाटीसारखा रिकामा होता.

"मेला असेल," मतीन म्हणाला. "लहान, पांढऱ्या धातूचा हाये न तो? गरम होते लय."

मयुरीनं हातातल्या पेन ड्राइव्हकडे पाहिलं. लांबट होता. काळा, प्लास्टिकचा.

"मतीनभाऊ, हा तो नाहीच."

मतीननं हळूच विचारलं, "घरात कोण आलतं?"

मयुरीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई, विमलबाई, परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या, पण हात चालत नव्हते.

"आई, आमी काल बाहेर गेलतो, तवा कोणी आलतं काय?"

विमलबाईंनी मान वर केली नाही. "एक जण आलता. महादेवरावाचा माणूस. म्हणे गजूभाऊचं कम्प्युटर पाहतो, माह्या पोराच्या लग्नाचं सांगाचं हाये. तिथी गेला, खुडबुड केली. म्या म्हणलं, काय करून राह्यला बाबू? तर हसला." त्यांनी परात बाजूला सारली. "म्हणे, मावशी, गजू रोज रातच्याले फटफटीनं एकटाच येते न? रस्ता लय खराब हाये. पोरीले काही सांगू नोको."

फोन चालूच होता. मतीननं सगळं ऐकलं होतं.

"भाभी, त्याईनं चुकीची चीज नेली, आन् कळू नये म्हणून हा कोरा लावून गेले. त्याईले वाटलं, व्हिडिओ पेन ड्राइव्हमधी हाये. व्हिडिओ तर डिस्कवर हाये. पण आता ते लावून पाहतील."

"आन् मग?"

"मग समजेल त्याईले."

गजेंद्र बाहेरून आला तेव्हा मयुरीनं दार आतून लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. तो खाटेवर टेकला. "जाऊ दे डबा," म्हणाला. "बंदच राहू दे. बोलावलं तर म्हणू, सारं उडालं."

"आईले धमकी देऊन गेला तो. बंद डब्यावर इस्वास ठेवतील काय ते?"

गजेंद्र उठला आणि त्यानं खिडकी ओढून घेतली.

मयुरीनं घरातल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मतीन सांगेल तशी नवी सिस्टीम भरली. डबा उठला, पण आता त्याला कशाचीच ओळख नव्हती. चारही डिस्क त्यानं परक्यासारख्या दाखवल्या.

"आता हात सांभाळून," मतीन म्हणाला. "तिघींवर व्हिडिओ हाये, चौथी पहारेकरी. एखादी मेली, तं पहारेकरणीवरून तिले परत उभं करता येते. पण कोण पहारेकरी, ते जुन्या पेन ड्राइव्हलेच ठाऊक होतं. तुमी व्हिडिओवालीले पहारेकरी केलं, तं डबा तिले पुसून काढीन. इचारणारबी नाही."

"मग कसं ओळखू?"

"एक एक उघडून पाहा, फक्त वाचासाठी. जिच्यावर काहीच वाचता येणार नाही, ती पहारेकरी."

पहिली उघडली, नवरदेवांच्या नावांचे फोल्डर दिसले. दुसरीही उघडली. तिसरी उघडेना. मेली असेल की पहारेकरी असेल? बाहेर एक गाडी मंदावली, दारासमोर थोडी थांबली आणि पुढं गेली. गजेंद्र खिडकीच्या फटीला डोळा लावून उभा होता. चौथी उघडली, म्हणजे तिसरीच पहारेकरी. तिसरीला पहारेकरी केलं तेव्हाही तिचं बोट बटणावर थबकलंच. मग तिनं डोळे मिटून दाबलं.

फोल्डर जसेच्या तसे होते.

तोवर दोघांनीही त्या वरातीचा व्हिडिओ उघडला नव्हता. आता उघडला. बँड, गुलाल, नाचणारी माणसं. पुतण्या घोड्यावर होता, हात मोकळे. बंदूक महादेवरावांच्या हातात होती. तीही आभाळाकडे नव्हती. कोणाला तरी बाजूला सरा म्हणून ते नळीनंच खुणावत होते. क्लॅरिनेटचा सूर तुटला तसं त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. गजेंद्रकडे.

"त्याईनं मले तवाच पायलं होतं," गजेंद्र पुटपुटला.

मयुरीनं एका कार्डावर प्रत काढली आणि ब्लाउजमध्ये खोचली. फटफटी घरीच ठेवून ती दोघं जहांआराला घेऊन भरल्या एसटीनं बुलढाण्याला गेली. विमलबाईंना शेजारी बसवलं होतं. एसटीतच गजेंद्रचा फोन वाजला. अनोळखी आवाज अगदी गोड होता. "गजूभाऊ, पेन ड्राइव्हमधी तं वरात निघालीच नाही राजा. घरी हाये काय?" गजेंद्रनं फोन बंद केला. जहांआरानं मयुरीचा हात घट्ट धरला.

पोलिसांच्या मोठ्या साहेबांनी व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, प्रत ठेवून घेतली, मग खोलीचं दार लावून तिघांचे जबाब घेतले. उठताना म्हणाले, "आज गावी जाऊच नका."

पण आई गावात होती. दिवे लागायच्या वेळेला ती दोघं घरी पोचली. विमलबाई शेजारी सुखरूप होत्या, पण घराची कडी तुटलेली होती. डब्याच्या जागी धुळीचा चौकोन उरला होता आणि वायरी लोंबत होत्या. अख्ख्या गावाची लग्नं कोणीतरी उचलून नेली होती.

चार दिवसांनी महादेवरावांना अटक झाली आणि महिन्याच्या आत जामीन मिळाला. सुटून आले त्या दिवशी त्यांची जीप बाजारातून सावकाश फिरली. मयुरी भाजी घेत होती. जीप तिच्याजवळ थांबली, काच खाली झाली.

"पोरी, डबा लय जड होता बरं," महादेवराव हसून म्हणाले. "दुसरी प्रत कुठी ठेवली?"

मयुरीनं वांगी पिशवीत टाकली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. पोलिसांकडे दिली तेवढीच प्रत होती, हे तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही; ती जागची हलली नाही. शेवटी काच वर झाली.