कायम झालेली खुर्ची

आरोग्यकेंद्रात टिकून राहणारी माणसं हवीत, असं नवं धोरण वरच्यांनी ठरवलं. मग टिकून राहिलेल्या नर्सबाईंना काढणं तेवढं बाकी उरलं. ते उरकायला साहेब सकाळीच हजर.

"अभिनंदन, सिस्टर! तुमची जागा कायम झाली."

बाईंचा हात सुईवरच थांबला. कंत्राटावर केस पिकले होते. नवऱ्याने शहरातल्या खासगी दवाखान्यात शब्द टाकून ठेवला होता, आणि ह्या आपल्या, "थांबा हो जरा, कायम होईन."

"म्हणजे, मी कायम?"

"तुम्ही नव्हे, जागा! कायम करायला ती आधी रिकामी लागते. आत्ता समिती येईल. खुर्चीत कुणी दिसायला नको."

"मग मी अर्ज करते."

"करा की! वयाची अट तेवढी आहे. तुमचं उलटलंय."

"इथंच उलटलं, साहेब. ह्याच खुर्चीत."

रांगेतली एक आजी म्हणाली, "खुर्ची कायम झाली ना? मग टोचायलाही तिलाच सांगा."

बायका खुदखुदल्या. पण लशीची बाटली उघडलेली. उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. शेवटी खुर्ची पुसून मधोमध मांडली आणि बाई भिंतीशी सतरंजीवर बसल्या. दुधाच्या वासाचं, मुठी आवळलेलं एकेक बाळ समोर येई, आणि बाई गुणगुणत,

"उगी माझ्या राजा, मुंगी गेली चावून,
फुंकर घालते, गेली बघ पळून."

समिती आली. खुर्चीभोवती फिरली. रिकामेपण समाधानकारक आहे, असा शेरा देऊन चहाला गेली. जाताना एकाने बाईंना तुडवलं नाही, एवढं सौजन्य दाखवलं.

बाटली संपली, रांग नाही.

"उघडा की दुसरी," साहेब म्हणाले. "नवी नर्स येईपर्यंत सांभाळा. तात्पुरतं."

"कधी येणार ती?"

"ते धोरणात नाही. पण आली की टिकणार बघा!"

दुसऱ्या बाटलीवर गेलेला हात बाईंनी मागे घेतला. साबणाने स्वच्छ धुतला.

"उद्यापासून मी शहरात, साहेब. रांगेला तुम्हीच सांगा."

"अहो, मी काय सांगू?"

"मग हे घ्या," म्हणत एका आईने तान्हं बाळ साहेबांच्या हातात दिलं. त्याने भोकाड पसरलं. पायरीवर बाईंची पावलं अडली.

"मान धरा हो त्याची, मान," त्या मागे न बघताच म्हणाल्या, आणि चालू लागल्या.