सरळ चढणारी रेघ

निवृत्तांच्या मंडळाचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांत बसली. पडद्यावर योजनेतल्या परताव्याची एक हिरवीगार रेघ, आणि ती आपली वर, वर, वरच चाललेली. बाहेर मंदीनं सगळ्यांच्या ठेवी वाळवल्या होत्या. ही रेघ आठ वर्षांत एकदाही वाकली नव्हती.

“मंदी आपल्या उंबऱ्यापर्यंत येते,” सुटातले सल्लागारसाहेब म्हणाले, “नमस्कार करते आणि माघारी फिरते.”

हॉलभर हात जोडले गेले.

सिस्टरबाईंनी जोडले नाहीत. जन्म वॉर्डात गेलेला. नोकरी सुटली तरी हाक तीच राहिली. शेजारी त्यांचे यजमान, निवृत्त बसचालक, मांडीवर पिशवी धरून बसले होते. पिशवीत दोघांचं उरलेलं म्हातारपण.

“असले तक्ते मी पाहिलेत,” त्या पुटपुटल्या. “ताप न मोजता टेबलाशी बसून भरलेले. जिवंत माणसाची रेघ हलते हो.”

तुला जिकडेतिकडे पेशंटच दिसतात, असं म्हणत यजमान पैसे भरायला उठलेच.

तेवढ्यात साहेबांनी जुने ठेवीदार असलेल्या शिंपीकाकांच्या हातावर महिन्याचं व्याज ठेवलं. काकांनी पुडकं बाळासारखं सगळ्यांना दाखवलं. सिस्टरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नोटांभोवती जुन्या कॅलेंडरची पट्टी, डिंकानं चिकटवलेली. नोटा अशा बांधणारा मंडळात एकच माणूस.

“पोस्टमास्तर, ही पट्टी तुमची का?”

मास्तर पुढे आले. पट्टीवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, “माझीच. काल ठेव भरली ना मी.”

साहेब हसले, पैसा म्हणजे चक्र, तो फिरायचाच, म्हणाले.

“फिरतोय खरा,” सिस्टरबाई म्हणाल्या. “मास्तरांचं मुद्दल झालं काकांचं व्याज. आमच्या ह्यांची पिशवी होईल मास्तरांचं व्याज. ज्या दिवशी नवी पिशवी येणार नाही, त्या दिवशी?”

साहेबांना एकाएकी दुसरी सभा आठवली. पण दारात बसचालक उभे होते, पिशवी छातीशी घट्ट.

“शेवटचा थांबा आहे, साहेब. सगळ्यांचे पैसे उतरवा, मग गाडी हलेल.”

मग फोन पोलिसांना गेला. किती परत मिळेल, सांगता येत नव्हतं. मास्तर पट्टीची घडी घालत बसले. सिस्टरबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हात जोडण्याआधी एक विचारत जा रे बाबांनो. पैसा वाढला, तो आला कुठून?”