लखीरामचं रीळ आणि माझा कान

आमच्या गावात वस्तू कानानं घेतात. माठ असो, बैलाच्या गळ्यातली घंटा असो की भजनी मंडळाचे टाळ, घेणारा आधी मला बोलावतो. मी टिचकी मारून ऐकायचं आणि 'हं' म्हणायचं, मग तो घेणार. उभा जन्म कीर्तनात टाळ धरून उभा राहिलो, त्याचा हा एवढा मान पांडुरंगानं पदरात टाकला आहे.

म्हणूनच शेजारच्या तांड्यावरचा लखीराम मासे धरायचं रीळ घ्यायलासुद्धा मलाच न्यायला आला.

"अरे, मी माळकरी माणूस," मी म्हणालो. "मले मासोळीतलं काय समजते?"

"तुमाले खा कोण म्हणून राह्यलं, बापूजी? फक्त आयका. पांढरकवड्याले दोन रिळं आले हायेत. कोणतं घ्या, थेवढं सांगा."

त्याची अडचण मला ठाऊक होती. गावामागं धरणाचं पाणी पसरलं आहे, त्यात लखीरामचा लाकडी डोंगा. जाळ्यात धड काही येईना, म्हणून मोबाइलवर पाहून त्यानं ट्रोलिंग करायचं काढलं. चालत्या डोंग्यामागं प्लास्टिकचा मासा ओढत न्यायचा, आणि मोठी मरळ त्यावर झडप घालते म्हणे. पण त्याच्या बायकोचा, भुरीबाईचा, धीर संपला होता. रविवारी संध्याकाळपर्यंत मरळ घरी आली नाही तर डोंगा तिचा भाऊ हरिसिंग घेऊन जाईल, असं तिनं भर तांड्यात सांगून टाकलं होतं. आणि लखीरामचा तर डोंग्यात जीव. घरी बाज असून हा माणूस दुपारी डोंग्यात झोपतो!

पांढरकवड्याला सत्यशीलाबाईंचं जाळी-दोरखंडाचं दुकान आहे. त्यांनी दोन्ही रिळं समोर ठेवली.

"ट्रोलिंगले असंच आडवं, ढोलकीवानी रीळ पाहिजे," त्या म्हणाल्या. "दोरा लय मावते. मासा दोरा ओढाले लागला का टिकटिक वाजते, म्हणजे वल्हं मारता मारता समजते. हे घ्या. याचा ब्रेक लोण्यासारखा हाय. त्याचा मंधातच अडकते."

मी त्यांनी सुचवलेल्या रिळाचा दोरा ओढून पाहिला. खर्र, खर्र. महाराज ऐन रंगात आलेले असावेत आणि मागं कोणी घसा खाकरावा, तसा आवाज. मग दुसऱ्याचा ओढला.

काय सांगू! चिपळ्या! हुबेहूब चिपळ्या! माझे डोळेच भरून आले.

"हेच घे, लखीराम."

"बापूजी, मासा काय कीर्तन आयकाले येऊन राह्यला का?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"आवाज शुद्ध, त्याचं आतलं सारं शुद्ध," मी ठणकावून सांगितलं. माठाच्या बाबतीत ते खरंच आहे.

लखीरामनं तेच रीळ घेतलं. शिवाय बैल बांधला तरी तुटणार नाही असा बारीक विणीचा दोरा घेतला.

रविवारी पलीकडच्या काठावर कीर्तन होतं. जाता जाता मला उतरवून देतो म्हणून लखीरामनं मला डोंग्यात घेतलं. आमच्या काठाजवळ म्हशी नाकापर्यंत बुडून बसल्या होत्या. त्यांच्यामधून आम्ही निघालो आणि लखीरामनं प्लास्टिकचा मासा मागं सोडला. थोडं पुढं गेलो नाही तोच रीळ वाजलं.

टिक टिक, टिकटिक. टिक टिक, टिकटिक.

"लागली, बापूजी!"

"थांब, थांब, ठेका ऐक!"

वल्ह्याच्या प्रत्येक हाताला रीळ बरोबर समेवर येत होतं. माझा हात आपोआप पिशवीत गेला आणि टाळ बाहेर आले. मी 'विठ्ठल विठ्ठल' धरलं. लखीराम बिचारा मरळ विसरला आणि माझ्या लयीत वल्हं मारू लागला. मी लय वाढवली, त्यानं हात वाढवला, रीळ दुप्पट वाजू लागलं. अर्ध्या धरणापर्यंत आम्ही असे डोलत गेलो.

मग एकदम सगळं थांबलं. ब्रेक अडकला होता.

डोंगा जागच्या जागी गचकला आणि हळूहळू उलटा, घराकडं निघाला.

"मरळ नोहय हे," लखीराम पांढरा पडला. "मगर हाय, मगर!"

"मग ढिलं सोड ना!"

"सुटून नाही राह्यलं! आतलं शुद्ध हाय म्हणे!"

मी देवाचं नाव घेतलं, या वेळी ठेक्याशिवाय. काठ जवळ आला तशी पुढं दोन शिंगं दिसली, मग काळी पाठ. भुरीबाईची म्हैस! आमच्या प्लास्टिकच्या माशाचा गळ तिच्या गळ्यातल्या दाव्यात अडकला होता. टाळांनी बिथरून ती तरातरा काठावर चढत होती, आणि मागं आम्ही दोघं, वरातीत बसल्यासारखे.

काठावर भुरीबाई उभी होती. शेजारी डोंगा न्यायला आलेला हरिसिंग, खांद्यावर दोर टाकून.

"हे मरळ हाय का, भावजी?" हरिसिंग हसू लागला. "शिंगंवाली?"

लखीरामनं मान खाली घातली आणि उतरून डोंग्याच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मला ते पाहवेना.

भुरीबाई मात्र म्हशीकडं पाहत होती.

"हे भवानी रोज दिवस बुडाला तरी पाण्यातून निंगत नाही," ती म्हणाली. "बोंबलून बोंबलून माहा गळा बसते. आज आपल्या पायानं आली!"

"आपल्या पायानं कुठं? टाळाले भेऊन आली," हरिसिंग म्हणाला. "आणि मरळचं काय, बाई?"

"मरळ दूध देते का रे? जाय तू घरी. डोंगा इथंच राहीन."

लखीरामनं वर पाहिलं. पोराच्या तोंडावर येतं तसं हसू त्याच्या तोंडावर आलं.

"आन् बापूजी," भुरीबाई माझ्याकडं वळली, "उद्या संध्याकाळी तुमीबी या. टाळ घेऊन."

मी म्हटलं, येईन, पण आज माझं कीर्तन चुकतं आहे.

"काहून चुकते?" ती भावावर ओरडली. "पाहून काय राह्यला? लाव हात!"

आणि डोंगा न्यायला आलेल्या हरिसिंगनं खांद्यावरचा दोर खाली टाकून, कुरकुरत, आम्हां दोघांना डोंग्यासकट पाण्यात लोटलं.