धुतलेलं लुगडं

"म्हस पान्हाच सोडंना झालीया, वैनी. काल सांजच्यालाबी थेंब न्हाय, आत्ताबी न्हाय. कास दगडागत झालीया," शेजारची झुंबरबाई फोनवर सांगत होती.

शालूबाई हॉटेलच्या पलंगावर उठून बसल्या. सकाळचे सहा वाजले होते. सातला खाली बस लागणार, ती मुंबईला जाणार आणि उद्या तिथून जहाज सुटणार. लेकीनं, संयोगितानं, आईबापांसाठी हे सगळं ठरवलं होतं. राधानगरीकडच्या खेड्यातून एवढ्या सकाळी येणं जमायचं नाही, म्हणून कोल्हापुरात स्टेशनला लागून असलेल्या या हॉटेलात रात्रीची खोलीही तिनंच घेतली होती.

ही नुसती हौस नव्हती. शालूबाईंचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता आणि डावाही त्याच वाटेनं निघाला होता. "जे बघायचं ते याच वर्षात बघून घ्या," डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. शालूबाईंना समुद्र बघायचा होता. जन्मात या बाईनं दुसरं काही मागितलं असेल तर शपथ.

"माझं लुगडं नेसून बसलीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बसलो की. हुंगलं आन् लाथ झाडली."

म्हैस शालूबाईंच्या हातची. दुसरं कुणी कासेला बसलं की पान्हा चोरायची. अशा जनावराला फसवायचं तर धार काढणारीच्या अंगावरचं लुगडं नेसून बसायचं, ही खेड्यातली जुनी युक्ती. वासावर जनावर भुलतं. शालूबाईंनी निघताना तसं लुगडं झुंबरबाईकडं दिलंही होतं.

"लुगडं धुतलंसा काय, वैनी?"

दुसऱ्या बाईला अंगावरचं मळकं कसं द्यायचं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी शालूबाईंनी ते सोडा घालून खळाखळा धुतलं होतं आणि उन्हात वाळवून घडी घातली होती. जन्मभराचा टापटिपीचा सोस नेमका आता नडला. काय म्हणावं या कपाळाला.

नवरा, पिराजी, शर्टाची बटणं लावत ऐकत होता. "ढोराचा डॉक्टर?" त्यानं विचारलं.

"दुपारपातूर यायचा न्हाय म्हणं."

"मग मी जातो गावाकडं. तू जा जहाजाला."

"मग माझं कालचं लुगडं न्ह्या."

"कास दुखाय लागल्यावर लुगड्यानं काय हुतंय? वळखीचा हातच लागतोय," पिराजी म्हणाला. मग पिशवी उचलून म्हणाला, "तू जा पर."

शालूबाई नवं लुगडं नेसल्या आणि खाली येऊन बसमध्ये बसल्यासुद्धा. सहलीच्या कंपनीतल्या अर्शीनं त्यांना हाताला धरून डाव्या खिडकीची जागा दिली. डाव्या डोळ्याला दिसतं, हे पोरीनं आपणहून ध्यानात ठेवलं होतं. खाली फुटपाथवर पिराजी पिशवी घेऊन उभा होता.

"जावा की. यष्टी चुकंल."

"जातो की. तू बस."

आणि गडी जागचा हलला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला कधी 'नको' म्हटलं नव्हतं. माहेरच्या जत्रेला असो, नाहीतर पोरीच्या बाळंतपणाला असो, तो 'जा' म्हणायचा आणि असा खांबागत उभा राहायचा. दर वेळी पिशवी खाली ठेवली होती ती शालूबाईंनीच. त्यांना त्याचा संताप आला, म्हशीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. कारण पाय जमिनीला टेकून त्या उठायलाच लागल्या होत्या.

"मावशी, बस नंतर थांबायची नाही हं," अर्शी म्हणाली.

"ठावं हाय, बाई."

"मग उतरताय कशाला? मी आहे ना सोबतीला."

"मुकं जनावर हाय ते. तडफडत असंल." शालूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तू बघून ये. ल्हान हाईस, लई बघशील."

नऊच्या सुमाराला त्या गोठ्यात बसल्या. कास कोमट पाण्यानं शेकली. म्हशीनं नवं लुगडं हुंगून एकदा मान झटकली, मग शालूबाईंनी हाक मारली तशी उभी राहिली. आधी दोन-चार थेंब आले. मग बादलीत धार वाजायला लागली.

पिराजी दावं धरून पुढं उभा होता. त्याचा चेहरा फुलला होता.

"बघ, हात लागल्याबरुबर सोडली का न्हाय? जहाज काय, पुढच्या सालीबी सुटंल की. तवा जाऊ आपून."

"व्हय," शालूबाई म्हणाल्या.

त्यांनी म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि डोळे मिटून घेतले. धार काढायला डोळे लागत नाहीत.