परातीला दाढ नसते

मी दाढ बोलतेय. खालच्या जबड्यातली, उजवीकडची मोठी. बोलणं मला हाडातून ऐकू येतं, त्यामुळे कुणाचं काही लपत नाही. म्हणूनच माझा कुणावर सहजी विश्वास बसत नाही.

माझी मालकीण आष्ट्याची रंगुबाई. तिच्या सहाव्या वर्षी मी दुधाच्या दाढांमागच्या रिकाम्या जागेत गुपचूप उगवले. घरातल्या मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हीसुद्धा दुधाचीच, पडेल आणि दुसरी येईल. माझ्यानंतर दुसरी येत नसते, हे कुणाच्या गावी नव्हतं.

माझं पांढरं कवच अंगातलं सगळ्यात कठीण, हाडाहूनही. पण मोडलेलं हाड जुळतं, माझं कवच एकदा गेलं की गेलं. रंगुबाईला त्याचं काय? जाळलेल्या तंबाखूची मिश्री बोटावर घेऊन अर्धा तास उंबऱ्यावर बसायचं, याला ती दात घासणं म्हणायची. वर गुळाचा चहा.

शेवटी मला खड्डा पडला आणि ठणका सुरू झाला. सगळे म्हणाले, दाढ किडली. या एका शब्दानं घात केला. किडली म्हटलं की मोठ्या माणसांना आत वळवळणारा किडा दिसतो. मला पोखरणारे जंतू साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

रंगुबाईची मुलगी अपेक्षा सांगलीच्या कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आई, दातांच्या डॉक्टरकडं चल."

"डॉक्टर उपटत्यात," रंगुबाईचा नवरा आप्पासो म्हणाला. "बाजारात कीड काढणारा बसतोय. माझ्या आईची त्यानंच काढली हुती."

"आणि आजीला शेवटी किती दात राहिले होते, आप्पा?"

"तू लय शिकलीस. गप बस."

बाजारात मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्या माणसानं परातीत पाणी ओतलं. मधोमध पाण्याच्या वर राहील असं तापलेलं लोखंड ठेवलं, त्यावर तेल आणि कसलं तरी बी टाकलं. वर मडकं उपडं घातलं. मडक्याच्या भोकात नळी, नळीचं टोक रंगुबाईच्या तोंडात. मी धुरानं गुदमरले. मडकं उचललं तर पाण्यात पाच पांढरे, वाकडे किडे. मी चकित झाले. माझ्या घरात राहणारे हे पाच जण मला कधीच कसे दिसले नाहीत? निघताना त्यानं घरी करायला बियांची पुडी दिली.

चार दिवसांनी ठणका थांबला. आप्पासो गल्लीभर सांगत फिरला. पण माझ्या आत काय झालं होतं ते मलाच ठाऊक. माझी नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही. सगळे ज्याला गुण आला म्हणत होते, ते माझं मरण होतं.

पंधरा दिवसांत रंगुबाईचा गाल सुजला, सूज गळ्याकडं उतरायला लागली. तोंड बोटभरही उघडेना.

"एखादा किडा ऱ्हायला आसंल," आप्पासो म्हणाला. "पुडी हाय न्हवं? करू घरीच."

अपेक्षानं वाद घातला नाही, याचाच मला संशय आला. तिनं अंगणात परात मांडली, पाणी ओतलं, वर तापलेलं खुरप्याचं पातं ठेवलं, पुडीतलं बी टाकलं, मडकं उपडं घातलं. रंगुबाई पुढं सरकली, तसं अपेक्षानं तिला मागं बसवलं. भोकाला कुणी तोंड लावलंच नाही. धूर वर निघून गेला.

मडकं उचललं. पाण्यात सात किडे.

"परातीला कवा दाढ आली, आप्पा?" अपेक्षानं विचारलं. "रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी हाय हे. तापलं की फुटतंय आणि आतला कोंब असा वाकडा बाहेर पडतोय."

आप्पासो वाकून बघत राहिला. "मग आईचं..." एवढंच म्हणाला.

रंगुबाईनं मिटल्या जबड्यातूनच सांगितलं, "गाडी काडा."

सांगलीच्या डॉक्टर मिस्बाह यांनी आधी औषधानं सूज उतरवली, मग माझा फोटो काढला. त्या आप्पासोला म्हणाल्या, "आणखी दोन दिवस थांबला असता, तर दाढेचं नव्हे, श्वासाचं बघावं लागलं असतं." मला उपटायची वेळ आली नाही. त्यांनी माझी मुळं साफ केली, भरली आणि वर टोपी चढवली.

आज मी जागेवर आहे, भाकरी चावते. पण आत पोकळ आहे. गार कळत नाही, गरम कळत नाही. टोपीखाली पुन्हा काही पोखरायला लागलं, तर मला कळणारही नाही. रंगुबाई आजही उंबऱ्यावर बसते. मिश्री सोडली म्हणते. डबी कमरेला आहे की नाही, ते मला इथून दिसत नाही.

एवढंच मागते, रंगुबाई. अधूनमधून आरशात बघ आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखव. मी गप्प आहे, म्हणजे बरी आहे, असं समजू नकोस.