आठ जणांची बोट

रत्नमाला छोट्या बोटीत जाऊन बसली, ती काही केल्या उठायला तयार होईना. राजकुमार मात्र काठावर मोठ्या बोटीभोवती घुटमळत होता.

दोन्ही बोटी अप्पारावांच्या. धरणाच्या फुगवट्यावर त्यांनी काही वर्षे हौशी लोकांना फिरवले, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी धंदा आवरून बोटी विकायला काढल्या. छोटी बोट चार जणांची, रंग उडालेली, पण इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होणारे. मोठी आठ जणांची, वर ताडपत्रीचे छत, समोर लांब बाकडी आणि पेट्रोल पिणारे इंजिन.

राजकुमारची उभी हयात चितेगावच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. मुले लहान असताना रविवारी बोटीत बसायचा हट्ट धरत आणि रविवारी नेमका ओव्हरटाइम निघे. ते सगळे बुडालेले रविवार आता निवृत्तीनंतर एकदम भरून काढायचे, असे त्याच्या मनाने घेतले होते. एरवी माणूस शहाणा. मुलांचा विषय निघाला की पार भाबडा. आपण दोघे, पुण्याचा प्रणय, सून आणि नातू, नागपूरची विशाखा, जावई आणि नात. आठ जण. बुद्धपौर्णिमेला येतो असे दोघांनीही कबूल केले होते.

"लहानी घ्या," रत्नमाला म्हणाली. "समदे आले तं दोन खेपा करू."

"अन् निम्म्यांना काठावर बसवू व्हय?"

येणार कोण आहे, असे तिला विचारायचे होते. गेल्या वर्षी नातवाचा वाढदिवसही फोनवरच साजरा झाला होता. पण ते ओठांवर आणायला तिचा जीव धजला नाही. ती बोटीतून उतरली आणि मोठीचा सौदा ठरला.

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली, खिरीचा डबा भरला, आणि प्रणयचा फोन आला. रजा ऐनवेळी रद्द झाली होती. पाठोपाठ विशाखाचा आला. उन्हाचा कडाका फार, पोरीला घेऊन निघवत नव्हते. राजकुमार दोघांनाही काही हरकत नाही म्हणाला आणि नंतर बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने फोनची काच पुसत बसला. त्याला फार वाईट वाटले होते. शेवटी रत्नमालानेच डबा उचलला. खीर उन्हात टिकायची नाही, निघू या, म्हणाली.

पाण्यावर दोघे मागे इंजिनापाशी बसले, तशी बोटीने नाक वर केले. राजकुमारला समोरचे काही दिसेना. काठावरून अप्पारावांनी हात करून बोट परत बोलावली.

"माणसं नसली का ही अशीच करती, भाऊ. पुढच्या बाकड्यांवर रेतीच्या गोण्या ठिवा, मंग सरळ चालन."

फावडे होते, रिकाम्या गोण्या होत्या, काठाला रेती होती. राजकुमारने तीन गोण्या भरल्या, एकेक उचलून बाकड्यावर ठेवली आणि घाम पुसला. एवढ्या पुरे होतील, असे अप्पाराव म्हणाले.

"अजून तीन आना," रत्नमाला पाण्याकडे बघत म्हणाली. "आपले सहा जन हायेत."

राजकुमारने पुन्हा फावडे घेतले आणि आणखी तीन गोण्या आणल्या. त्यांतल्या दोन त्याने अर्ध्याच भरल्या होत्या.