कोमट नट

"आता रडू नकोस गं बाई," मिस्त्रींची लेक गाडीला म्हणाली आणि तिने पुन्हा किल्ली फिरवली. गाडी कण्हली, समोरचे दिवे मिणमिणले आणि सगळं गप्प झालं.

रात्रभर कडाक्याची थंडी पडली होती. काचेवरचं दव गोठून पांढरं झालं होतं, अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय धरली होती. दवाखान्याची ही डिझेलची व्हॅन लेक चालवायची. मागच्या सीटवर दोन ब्लँकेटांत गुंडाळलेल्या शिंपीणकाकू बसल्या होत्या. त्यांना डायलिसिससाठी मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. मागची खेप रस्ता बंद झाल्यामुळे हुकली होती आणि काकूंचे पाय असे सुजले होते की चपलेत जाईनात. आजचीही हुकली तर काय होईल, हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून दोघी भलतंच काहीतरी बोलत होत्या.

"माझं शिलाई मशीनही थंडीत असंच करायचं," काकू म्हणाल्या. "दोन शिव्या घातल्या की चालायचं."

"घालून झाल्या, काकू. माझ्याकडच्या संपल्या."

थंडीने बॅटरी बसली, असं लेकीचं निदान होतं. दूधवाल्याने आपला टेम्पो आणून व्हॅनच्या नाकाला नाक लावलं, दोन्ही बॅटऱ्यांना वायरी जोडल्या. व्हॅन तश्शीच कण्हली. मग दोघांनी ढकलून पाहिली, तर गोठलेल्या जमिनीवर चाकं नुसती घसरली.

दूधवाल्याने हात टेकले. "ऑइल गोठलंय, ताई. ऊन येईपर्यंत काही खरं नाही."

"दुपारशिवाय इथं ऊन येतं का कधी?"

"मग टेम्पोत नेऊ काकूंना?"

"उघड्या टेम्पोत? या थंडीत? पोचतील का त्या?"

बाबांना बोलवावं, असं मघापासून तिच्या मनात येत होतं आणि ती तो विचार मागे ढकलत होती. बाबांना सगळे 'कान' म्हणायचे. गाडी चालू करून दाखवली की नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं सांगत. फारच अवघड दुखणं असेल तर लाकडी दांडकं इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाशी धरत. गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. टोपणनाव तेवढं मागे राहिलं. तेव्हापासून बाबांनी एकाही गाडीला हात लावला नव्हता. कुणी बोलावलंही नव्हतं, आणि न बोलावण्यालाच सगळे आदर समजत होते.

बोलवायची वेळ आली नाही. खिडकीतून त्यांनी पाहिलं असावं. अंगावर शाल, काखेत ते दांडकं, अशा थाटात बाबा अंगणात उतरले.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं. ऐकू येईनासं झाल्यापासून ते इतक्या मोठ्याने बोलत की शेजारची खिडकी उघडली.

लेकीने हातवारे करून सांगितलं. इंजिन जड फिरतं, थांबतं.

"मार परत!"

तिने किल्ली फिरवली. बाबांनी दांडकं इंजिनाला टेकवलं आणि दुसरं टोक कानाशी नेलं. जन्माची सवय ती. दूधवाल्याने मान वळवली. लेकीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. बाबा क्षणभर तसेच वाकून राहिले, मग त्यांनी दांडकं हलकेच भिंतीला टेकवून ठेवलं आणि हातमोजे काढले.

"मार. लगेच सोडू नकोस. हं, बस!"

डोळे मिटून ते बॅटरीवरून बोटं फिरवू लागले. बॅटरीवरून वायरीवर, वायरीवरून स्टार्टरपर्यंत. लोखंड असं गार होतं की बघणाऱ्याच्या बोटांना कळ यावी. बाबांना कसलीच घाई नव्हती.

"परत!"

या खेपेला बोटं दुसऱ्या वायरीवरून खाली गेली. ती वायर जिथे गाडीच्या अंगाला नटाने आवळली होती, तिथे थांबली.

"इकडे आण हात."

लेकीने मोजा काढला. बाबांनी तिचं बोट धरून त्या नटावर दाबलं. सगळी गाडी गारठलेली, आणि हा एवढा एक नट कोमट लागत होता.

"इथं अडतंय," बाबा गरजले. "सगळा जोर इथंच जळतोय. टेम्पोचा करंटही याच वाटेने जाणार ना? बॅटरीला उगाच नावं ठेवलीस!"

बाबांच्या कानांचं कौतुक ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. ते कान तर गेले. मग आत्ता हे कोण ऐकत होतं? आपल्याला जन्म दिलेल्या माणसाकडे ती अनोळख्यासारखी बघत राहिली.

नट सोडला तर वायरीखाली हिरवट गंज साचला होता. पॉलिश पेपरने घासून तिने नट पुन्हा आवळला.

"हीटरने इंजिन तापू दे. त्याचा दिवा विझला की मार!"

दिवा विझला. किल्ली फिरली. गाडी खोकली, पांढरा धूर ओकली आणि चालू झाली.

"चालू झाली! मिस्त्री, चालू झाली!" दूधवाला ओरडला आणि त्याने जीभ चावली.

बाबांनी बॉनेट लावलं आणि त्यावर उघडा तळहात ठेवला. खाली इंजिन धडधडत होतं. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले. दूधवाला वायरी गुंडाळून टेम्पो मागे घेऊन गेला, तरी हात हलला नाही. उशीर झाला होता, लेकीचा हात गिअरवर होता, पण तिच्याने गिअर टाकवेना.

"थांब जरा," मागून काकू म्हणाल्या. "ऐकू दे त्यांना."

मग बाबांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली, पूर्वी प्रत्येक गाडीला निरोप देताना मारायचे तशी, आणि बाजूला झाले.

वळणावर लेकीने आरशात पाहिलं. दांडकं भिंतीलाच टेकलेलं होतं. बाबा तो हात शालीत घालून, छातीशी धरून उभे होते.